माठाखालची झाकणं

२ एप्रिल

ही वही मी मागितली नव्हती. प्रणालीने दिली. आमच्या गल्लीतली पोरगी, आता हातच्या वस्तू परदेशात पाठवते. म्हणाली, "काका, काम कसं करता ते रोज थोडं लिहा. तिकडच्या गिऱ्हाइकांना असलं वाचायला आवडते." म्हशीचं शिंग किती उकळायचं, कधी दाबायचं, हे मी परक्यांना लिहून देणार नाही. पण कागद चांगला आहे आणि घरात माझं ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही, म्हणून लिहितो. वही तिला परत मिळणार नाही.

आमच्या महाल भागात आम्हाला शिंगवाले म्हणतात. जातीने विणकर. वडील विणकरांसाठी शिंगाचे धोटे करायचे, मागावर आडवं सूत नेणारे. माग बंद पडले, तसे धोटे कोणी विचारीना. मग वडिलांनी टोप्यांच्या डब्या करायला घेतल्या. उमरेड-भिवापूरकडे रानडुकरांपायी परवाना काढून ठासणीची बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत. त्या बंदुकीला बार उडवायला एक एवढीशी तांब्याची टोपी लागते, करंगळीच्या नखाएवढी. ती ओली झाली की बार उडत नाही. म्हणून शिंगाची डबी, आत कापसाचा तळ, आणि अंगठ्याने उघडणारं झाकण. दुसऱ्या हातात बंदूक असते, त्यामुळे झाकण एका अंगठ्याने उघडलंच पाहिजे, आणि खिशात आपोआप उघडता कामा नये. सगळी कारागिरी झाकणात आहे.

दिवाळीत प्रणालीने दोन डब्या नमुन्याला नेल्या होत्या. एक माझी, एक माझ्या पोराने, ऋषिकेशने आणून दिलेली. इंग्लंडात हौशी लोकांची एक संस्था आहे, ते अशा जुन्या बंदुका चालवतात. त्यांनी पूर्ण हिवाळा पावसात, बर्फात डब्या वापरल्या. आज प्रणाली सांगायला आली. ऋषीची डबी पसंत पडली, एकदाही अडकली नाही. तशाच एक पेटीभर पाहिजेत. माझी मात्र अडकली म्हणे. एकाने चाकूने उघडली. आता गोऱ्यांचे अंगठेच जाड, त्याला मी काय करू?

पण पोराने बापाला मागे टाकलं, याचं वाईट वाटत नाही. वाटलं तरी फार नाही.

६ एप्रिल

ऋषीला म्हटलं, बुटीबोरीची नोकरी सोड. दुसऱ्याच्या कारखान्यात सुताच्या मशीनवर उभं राहून काय मिळवलंस? तुझ्या हातात आजोबांचा हात आहे. तो आधी बायकोकडे बघायला लागला. ती पोळी उलटवत होती. मग म्हणाला, "पाहतो, बाबा."

पाहतो! तिशी उलटली तरी या पोराला कोणतीही गोष्ट करतो म्हणता येत नाही. याची आई असती तर म्हणाली असती, तुमच्यापुढे त्याचा आवाज निघत नाही. ती नेहमी त्याचीच बाजू घ्यायची.

१३ एप्रिल

आज डोकं फिरलं. पाणी प्यायला गेलो तर माठाखाली ओल्या फडक्यात काहीतरी बांधून ठेवलेलं. सोडून पाहतो तर माझ्या डब्यांची झाकणं! चपटी दाबून कापलेली, बसवायला तयार झालेली. दिवसभर माठ पाझरतो आणि ही खाली भिजत पडलेली.

सुनेला हाक मारली. म्हटलं, "रुचिका, हे काय? शिंग म्हणजे तुझी मटकी वाटली का, मोड आणायले?"

"बाबा, ते मुद्दामच ठेवले. आपल्याकडची हवा इतली कोरडी…"

"आपल्याकडची हवा मले सांगशील? साठ उन्हाळे काढले या गल्लीत."

तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं. उमरेडची आहे, विणकराचीच पोर, पण माहेरी कोणी शिंगाला हात लावलेला नाही. झाकणं पत्र्यावर उन्हात टाकून खडखडीत वाळवली. ऋषी मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. आपल्या मालाची नासाडी झाली तरी याला चीड येत नाही.

२१ एप्रिल

दुपारी कूलर लावून झोपलो. उठून माडीवर गेलो तर पाटावर चार झाकणं बसवून ठेवलेली. उघडून पाहिलं. काय सांगू! अंगठा लावला की सुटतं, सोडलं की बसतं, आवाज म्हणून नाही. काठाला अंगठ्यापुरती एक खाच, ती इतकी सफाईची की बोट आपोआप तिथे जातं. मी ती खाच कधी केली नाही. वडिलांनीही नाही. ही ऋषीची स्वतःची युक्ती.

ऋषी पहाटेच्या बसने कामाला जातो, म्हणजे त्याआधीच उठून करत असणार. एक झाकण अजून कोमट होतं. पण उन्हाळ्यात सगळंच कोमट असतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी म्हटलं, "शाब्बास गा. आज तुझे आजोबा पाहिजे होते." एवढं बोललो तर त्याचे डोळे भरून आले. पोराचं मन हळवं आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

रुचिकाच्या अंगठ्याला हळदीची चिंधी होती. विळीवर कापलं म्हणाली. आणि तिच्या केसांना जळक्या शिंगासारखा वास येत होता. माडीवर झाडायला जाते, तेव्हा लागत असेल.

२७ एप्रिल

भिवापूरकडचे दादाजी आले. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या हरभऱ्यात यंदाही डुकरांनी नांगर फिरवला. मागच्या वर्षी नेलेली डबी दाखवून म्हणाले, "मधुकरराव, असीच आनखी एक पायजे जी, भावासाठी. पान्यापावसात बी टक्कन सुटते. कोनं बसोलं हे झाकन?"

"माझ्या पोरानं," मी म्हटलं. ऊर भरून आला.

"हात बरा हाय जी पोराचा."

रुचिका पाण्याचा गडू घेऊन आली होती. इतक्या जोरात ठेवला की दादाजींच्या धोतरावर पाणी उडालं. आलेल्या माणसासमोर असं वागणं मला पटत नाही. ते गेल्यावर तसं सांगितलं. "हो बाबा," म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

४ मे

आज रविवार. सगळे जेवायला बसलो होतो. रुचिका वाढता वाढता म्हणाली, "बाबा, ऑर्डर मोठी आहे. मी बी बसू का माडीवर?"

"बस ना. घासाई कर, तेल लाव. तुले कोणी अडवलं?"

"घासाई नाही. झाकणं."

आमच्या घरात बायकांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, डब्या घासल्या, कापूस पिंजून दिला. माझ्या आईने केलं, ऋषीच्या आईने केलं. झाकण बसवायचं ते बापाने पोराला शिकवायचं. ही रीत मी काढलेली नाही. एवढं मी तिला शांतपणे सांगितलं.

ती भातवाढी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही दुपारी झोपता ना बाबा, तेव्हा पाटावर जे झाकणं होते, ते मीच बसवते. दिवाळीची डबी बी माझीच. दादाजींची बी."

मला हसूच आलं. खोटं बोलायचं तर माणसाने थोडं बेताने बोलावं. ऋषी समोर वरणभात कालवत होता. त्यालाच विचारलं, "काहून रे? कोणी बसवले?"

तो ताटाकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "मीच बसवले, बाबा."

विषय संपला. रुचिकाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाने दार उघडल्यावर आपण पाहतो. माझ्या पानात ताक वाढलं, त्याच्याही पानात वाढलं, आणि आत गेली. ऋषी जेवण टाकून उठला. बायको बापासमोर धडधडीत खोटं बोलते म्हटल्यावर कोणत्या नवऱ्याला घास गिळेल?

१२ मे

रुचिका वाडीला नोकरीला लागली. अमरावती रोडवरच्या कुठल्याशा गोदामात, खोके बांधायला. घरात ऑर्डर पडलेली, आणि ही दुसऱ्याचे खोके बांधायला जाते. वर म्हणाली, "तिथं माझ्या नावाचं कार्ड आहे, बाबा." तिथेच मैत्रिणीबरोबर खोलीही घेतली, रोजचं जाणं-येणं जमत नाही म्हणून. म्हटलं, जा.

ऋषीने नोकरी सोडली. मला वाटलं होतं, त्या दिवशी घरात पेढे येतील. त्याने राजीनामा दिल्याचं सांगितलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपला.

२० मे

ऊन असं की माडीवरचा पत्रा चटचट वाजतो. शिंग शेगडीवर धरावं लागत नाही, तेच मऊ होईल.

ऋषीचा हात चालेना. सकाळपासून एका झाकणाला कानस मारत बसतो आणि ते एका बाजूने ढिलं करून ठेवतो. काठाची ती खाच तर त्याला अजिबात जमेना. मी म्हटलं, आधी तर डोळे मिटून करत होतास? म्हणाला, "आता नाही जमून राहिलं." बायको अशी निघून गेल्यावर मन कसं लागेल? तिने घर सोडताना याचा हातही नेला.

शेवटी मीच बसलो. बहुतेक झाकणं मीच बसवतो आहे. बसतातही छान. घट्ट, हवासुद्धा जाणार नाही अशी.

२६ मे

ऋषीने आज दबकत विचारलं, "बाबा, बसवायच्या आधी झाकणं थोडे दिवस माठाखाली ठेवू का?"

मी कानस खाली ठेवली. "हे खूळ तुला कोणी दिलं?"

"सहज म्हटलं."

"ती गेली, तिची खुळं इथंच ठेवून गेली. काही ठेवायचं नाही."

नाही म्हटल्यावर लगेच मान डोलावून कामाला लागला. माझ्याशी एकदा तरी वाद घालील म्हणून मी तीस वर्षं वाट पाहतो आहे.

९ जून

पेटी भरली. सगळ्या डब्या तेल लावून, कापूस घालून ठेवल्या. प्रणाली गावाला गेली आहे, महिनाअखेरीस येऊन बघेल आणि मग माल जाईल. पेटीवर वडिलांचं नाव घालावं म्हणतो. हे काम धड झालं तर दरवर्षी येईल, असं ती म्हणाली आहे. मग दुकान राहील. माझ्यानंतरही इथे कोणीतरी शिंगवाला असेल. मला दुसरं काय पाहिजे?

आठ दिवस झाले, धड झोपलो नव्हतो. आज झोप लागली.

२९ जून

हे लिहावं की नाही, कळत नाही.

पंधरा दिवसांत हवा ओली झाली. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरायला लागलं. उद्या प्रणाली येणार म्हणून मी पेटी उघडली आणि पहिली डबी घेतली. अंगठा लावला. सुटेना. दुसरी घेतली. तिसरी. दोन्ही हातांनी पिळलं, मांडीत धरून ओढलं. एकही नाही. चपटं दाबलेलं शिंग ओल्या हवेत फुगलं आणि गोल डबीत जाऊन आवळून बसलं. चाकूचं टोक घातलं तर कडकन काठ उडाला. तसे बरेच उडाले. मी थांबलो नाही, संतापात एकामागून एक फोडत गेलो. ऋषीने येऊन माझं मनगट धरलं तेव्हा थांबलो.

"यासाठीच ते माठाखाली ठेवायची बाबा," तो म्हणाला. "आधीच फुगवून घ्यायची, मग कानस मारून बसवायची. मग पावसात जास्त फुगायले जागाच राहत नाही."

"कोण ठेवायची?"

"तुम्हाले माहीत आहे कोण."

मी विचारलं, मग त्या दिवशी ताटावर बसून तू काय बोललास? तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, तुटक्या झाकणांमध्ये मांडी घालून. म्हणाला, "तुम्ही मले पहिल्यांदा चांगलं म्हणून राहिले होते, बाबा. जन्मात पहिल्यांदा. पहिल्या डबीच्या वेळी तिनंच मले म्हटलं होतं, तुमचं नाव सांगा, नाहीतर बाबा पाहणार बी नाहीत. मग माझ्यानं ती शाबासकी परत देववली नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. पण एक लिहून ठेवतो, चूक त्याची आहे. खरं त्याने लपवलं. मला कोणी नीट सांगितलं असतं, तर मी ऐकलं नसतं का?

३० जून

प्रणालीला फोन करून चार दिवस मागून घेतले आणि वाडीला गेलो. ट्रकच्या रांगा, चिखल, सगळी गोदामं एकसारखी. विचारत विचारत पोचलो. जेवणाच्या सुट्टीत रुचिका बाहेर आली. गळ्यात कार्ड, त्यावर तिचा फोटो. वाकून पाया पडली. टपरीवर मला चहा पाजला.

येताना बसमध्ये मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. चहा संपेपर्यंत ते ओठांपर्यंत आलं नाही. मी म्हटलं, "घरी चल. ऋषी धड जेवत नाही."

"ऋषी परवा इथंच जेवले, बाबा."

हे मला माहीत नव्हतं. मग म्हटलं, झाकणं अडकली.

"मले वाटलंच होतं." तिच्या आवाजात आनंद नव्हता. असता तर मला बरं पडलं असतं, भांडता आलं असतं. "येते मी. सुट्टी टाकते. तुटले नसतील तितके सोडवून देते, नवे करते. फक्त प्रणालीताई येतील तेव्हा त्यांच्यासमोर तुम्ही सांगा, की ती दिवाळीची डबी माझी होती."

"अगं, घरातल्या गोष्टी बाहेरच्यांना कशाला?"

"बाबा, डबी तर बाहेरच गेली ना?"

मी म्हटलं, माल निघू दे, मग बघू. काम महत्त्वाचं. एवढ्याशा गोष्टीसाठी आजोबांच्या दुकानावर पाणी सोडशील? तिने माझा ग्लास उचलून टपरीवाल्याकडे दिला आणि म्हणाली, "एवढीशीच गोष्ट मागितली बाबा." घंटा झाली. सगळ्या बायका आत गेल्या, तीही गेली.

बस यायला वेळ लागला. मी उभा होतो. परत आत जाऊन हाक मारता आली असती. चौकीदाराने विचारलंही, कोणाला बोलवू का. मी नाही म्हटलं.

४ जुलै

प्रणाली आली. पेटी पाहिली. फुटक्या डब्या पाहून तिने तोंडावर हात ठेवला. मग तिने दिवाळीचा नमुना काढला, तो इंग्लंडातून परत आला होता. अंगठा लावला, झाकण टक्कन सुटलं. भर पावसात.

"काका, ऋषीने आणून दिलेली ही डबी केली कोणी होती? त्याच माणसाकडून करून घेऊ."

ऋषी दारातच उभा होता. माझ्याकडे बघत होता. आता तो बोलेल, असं मला वाटलं, आणि त्याला वाटलं असेल की मी बोलेन.

"वडिलांच्या हातची होती," मी म्हटलं. "जुनी. नमुना म्हणून दिली होती. आता तसा माणूस नाही."

प्रणालीला ते खरं वाटलं. वाईटही वाटलं तिला. वडिलांच्या फोटोला हात जोडले आणि ऑर्डर रद्द करून गेली. ऋषीने पिशवी भरली. मी थांब म्हटलं तरी निघाला, जाताना पाया पडला नाही. त्या पोराने जन्मात एकदाच माझं ऐकलं नाही, आणि तेही एक शब्द न बोलता.

१७ ऑगस्ट

दादाजी आले. भावाच्या डबीसाठी आले असतील असं वाटलं, पण ती त्यांच्या खिशात होती. नवी. काठाला अंगठ्याची खाच.

"तुमच्या सुनेनं देल्ली जी. वाडीले खोलीत करून राहिली ना, नोकरीवरून आल्यावर. तुमचं पोरगं शिंगं कापून देते, सून झाकनं बसोते. आमच्याकडचे बहुत जन तिच्याचकडून नेते आता. तुमाले मालूम नाई?"

"आहे ना," मी म्हटलं. "मीच शिकवलं तिले."

दादाजी माझ्याकडे पाहत राहिले. शेतातल्या माणसाला डुकराची चाल कळते, तशी माझीही कळली असेल. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. मी उघडली, मिटली, उघडली. तळाशी तिने नखाने एक खूण केली आहे, मागावरच्या कांडीसारखी. आमच्या घरात कोणी कधी खूण केली नाही. करावीशी वाटली नाही की केली तर कोणाचा हात ते ओळखू येईल अशी भीती होती, कोण जाणे.

डबी परत केली. ते गेल्यावर वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. त्यांच्या नावावर मी काय खपवलं ते त्यांना कळलं असेल तर आता फोटोतूनही ते माझ्याशी बोलणार नाहीत.

१९ ऑगस्ट

माडीवर गेलो. फार दिवसांनी. एक शिंग राहिलं होतं. उकळलं, दाबलं, झाकणापुरता तुकडा कापला. अंगठ्याची खाच करून पाहिली, ओबडधोबड आली. आली तशी ठेवली.

मग एक फडकं ओलं केलं, झाकण त्यात गुंडाळलं आणि माठ थोडा उचलून त्याखाली ठेवलं. घरात आता माझ्याशिवाय कोणी नाही, तरी आधी दार लावून घेतलं.